शीव ओढ्यात, सरहद्द माथ्यावर

महाबळेश्वरच्या पठारावर पडणाऱ्या पावसाचं नशीब हातभर अंतरात ठरतं. पश्चिमेला कललेलं पाणी घाट उतरून अरबी समुद्राकडे धावतं. पूर्वेला कललेलं कृष्णा-कोयनेच्या वाटेने अख्खं दख्खन तुडवत बंगालच्या उपसागराला मिळतं. कोकण आणि देश ही वाटणी याच धारेवर उभी आहे, आणि पुणे-रायगड, सातारा-रत्नागिरी या जिल्ह्यांच्या हद्दी बहुतांश तिच्यावरूनच जातात. त्यामुळे पाणी जिथे दुभंगतं तिथे हद्द, हे मराठी वाचकाला वेगळं शिकवावं लागत नाही. भारत आणि म्यानमार यांची सीमा पटकाई रांगेच्या माथ्यावरून जाते असं भूगोलाच्या पुस्तकात वाचलं की तो मान डोलावून पुढचं पान उलटतो. गफलत तिथेच होते. साहेबाने वसवलेली थंड हवेची ठिकाणं सोडली तर सह्याद्रीचा माथा गडांचा, देवरायांचा आणि धनगरवाड्यांचा. भरवस्तीची गावं पायथ्याला, नाहीतर मावळात नदीच्या काठाला. पटकाईत आणि तिच्या दक्षिणेच्या नागा टेकड्यांत नेमकं उलटं आहे. तिथे गाव माथ्यावर असतं आणि दरी ओस. आपल्याला जी डोंगराची कड वाटते, ती तिथल्या माणसाच्या जगाची मधली जागा आहे. भारत-म्यानमार सीमेविषयी गेली काही वर्षं जी चर्चा चालू आहे, तिच्यात सुरक्षा, तस्करी, वंश, निर्वासित हे सगळं येतं. पण रेषा डोंगराच्या नेमक्या कोणत्या अंगावरून गेली आहे, हा भूगोलाचा साधा प्रश्न मागे पडतो. मला तो सगळ्यांत आधीचा वाटतो, कारण याच एका डोंगरपट्ट्यात सीमा कुठे माथ्यावरून, कुठे पायथ्याने, तर कुठे नदीच्या पात्रातून जाते, आणि प्रत्येक ठिकाणी तिची जाच देण्याची तऱ्हा निराळी आहे.

आधी डोंगर नीट पाहू. नेमकेपणाने बोलायचं तर पटकाई हे नाव उत्तरेकडच्या रांगेचं, म्हणजे अरुणाचलच्या चांगलांग, तिराप, लोंगडिंग या जिल्ह्यांच्या डोक्यावरच्या डोंगरांचं. खाली नागा टेकड्या, मग मणिपूरचे डोंगर, मग मिझोरामच्या टेकड्या आणि पलीकडे म्यानमारातले चिन डोंगर. शाळेच्या पुस्तकात या सगळ्यांना मिळून पूर्वांचल म्हणतात. भूगर्भशास्त्राच्या लेखी हा एकच पट्टा आहे. भारताचं भूकवच पूर्वेला ब्रह्मदेशाखाली सरकताना समुद्रतळावरचा गाळ खरवडला गेला आणि घड्या पडून वर आला; गालिचा भिंतीला रेटावा तसा. म्हणून इथे एक मोठा कणा नाही. उत्तर-दक्षिण किंवा ईशान्य-नैर्ऋत्य धावणाऱ्या समांतर धारांच्या ओळीच ओळी आहेत. एक धार चढून गेलं की समोर दुसरी दिसते. सर्वांत उंच शिखर सारामती, ३,८२६ मीटर, अगदी सीमेवर. नागालँड-मणिपूरच्या पूर्व अंगाला तर जुन्या समुद्रतळाचे खडक उघडे पडलेले सापडतात. मोठा भाग मात्र डिसांग नावाच्या ठिसूळ शेलचा. हा खडक पावसाने भिजला की पापुद्रे सुटतात आणि उतारच्या उतार घसरतो. दिमापूर-कोहिमा रस्ता दर पावसाळ्यात कुठे ना कुठे खचतो तो यामुळेच. वर भूकंपाचा मुलूख. अशा डोंगरावर १,६४३ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सीमा बेतलेली आहे: अरुणाचलाच्या वाट्याला ५२०, नागालँडच्या २१५, मणिपूरच्या ३९८ आणि मिझोरामच्या ५१० किलोमीटर.

आता गाव. कोन्याक, खियामनिउंगन किंवा तांगखुल नागांचं जुनं गाव धारेच्या पाठीवर बसलेलं असतं. बांबू, लाकूड आणि ताडाच्या पानांची घरं दाटीवाटीने, मोरुंग म्हणजे तरुणांचं सामाईक घर मोक्याच्या जागी, आणि दोन्ही टोकांना वेस. कारणं उघड आहेत. शिरकाणाच्या काळात शत्रूला वर चढून यावं लागे आणि तो दिसे. दऱ्यांत हिवताप होता, वर वारा होता. किंमत मोजावी लागे पाण्यासाठी. झरा खाली, म्हणून बायका पाठीवरच्या टोपलीत बांबूच्या लांब नळकांड्या उभ्या लावून उतरत आणि भरून वर चढत. शेत उतारावर. जानेवारी-फेब्रुवारीत जंगल तोडायचं, मार्चमध्ये वाळलेला पाला जाळायचा, एप्रिलच्या आसपास राखेत धान, कांग, अळू पेरायचं. दोन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढचा धरायचा. आपल्याकडच्या कुमरी किंवा दळीच्या शेतीची ही मोठी बहीण. तिथे तिला झूम म्हणतात. (अंगामी नागांची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं हा वेगळा आणि देखणा अपवाद.) महत्त्वाचं असं की हे उतार माथ्याच्या दोन्ही अंगांना पसरतात आणि गावाची शीव बहुधा खालच्या ओढ्यात असते. ओढ्यापलीकडचा उतार दुसऱ्या धारेवरच्या गावाचा. वाटाही धारेवरून आणि सोंडेवरून सरळ चढणाऱ्या. उताराला वळसे घालत जाणारा रस्ता ही पुढे खेचरं आणणाऱ्या इंग्रजांची आवड. म्हणजे या मुलखात माथा जोडतो आणि दरी तोडते.

हे केवळ माणसांचं नाही. या जंगलातला हुलॉक गिबन झाडाच्या शेंड्याशेंड्यांतून झुलत फिरतो, पोहता त्याला येत नाही. प्राणिशास्त्रज्ञांनी पश्चिमेचा आणि पूर्वेचा हुलॉक अशा त्याच्या जाती वेगळ्या काढल्या आहेत. त्यांच्यामधली मुख्य सीमारेषा म्हणून पटकाईची धार दाखवत नाहीत; दाखवतात ती म्यानमारच्या आत वाहणारी चिंदविन नदी. डोंगर त्या प्राण्याने सहज ओलांडला, नदीपाशी थबकला. गिबनावरून माणसाची सीमा ठरवावी असा माझा आग्रह नाही, पण ‘निसर्गानेच आखलेली सीमा’ असं कुणी म्हणालं की कोणत्या निसर्गाने, हे विचारायला हरकत नाही.

शिवाय पाणलोटाचा नियम तरी सीमेने पाळला आहे का? उत्तरेला पटकाईवर बराचसा पाळला आहे. तिथे पश्चिमेचं पाणी बुढी दिहिंगमार्गे ब्रह्मपुत्रेला आणि पूर्वेचं चिंदविनमार्गे इरावतीला जातं. पण नागालँडच्या दक्षिण भागात आलं की गणित बिघडतं. तिझू नदी पूर्णपणे भारतीय नागा गावांमधून वाहते आणि मग सीमा ओलांडून चिंदविनच्या खोऱ्यात उतरते. मणिपूरमध्ये तर इंफाळचं अख्खं खोरंच चिंदविनचं आहे. इंफाळ नदी दक्षिणेला जाऊन म्यानमारात शिरते. पाणी हाच निकष काटेकोरपणे लावायचा झाला तर इंफाळ भारतात राहणार नाही. ते कुणालाच मान्य होणार नाही, आणि होऊही नये. एवढंच दिसतं की पाणलोट हे कारण नव्हतं. रेषा आखून झाल्यावर तिला दिलेलं ते भारदस्त नाव होतं.

मग कारण काय होतं? सपाटीवरच्या राज्यांना डोंगराशी नातं ठेवायचं होतं, डोंगर ताब्यात घ्यायचा नव्हता. १२२८ मध्ये ताई राजपुत्र सुकाफा पटकाई ओलांडून आला आणि त्याच्या वंशजांनी आसामात सहाशे वर्षं राज्य केलं. त्या अहोम राजांनी पायथ्याच्या नागांना मैदानात ‘खत’ म्हणून जमिनी आणि मासेमारीची तळी दिली, बोलणीसाठी कटकी नेमले, आणि डोंगरातल्या खाऱ्या झऱ्यांच्या मिठासाठी व्यवहार ठेवला. नामसांग-बोरदुरियाचं मीठ खाली जाई, तांदूळ आणि कापड वर येई. इथे हद्द होती, पण ती पट्ट्यासारखी होती, रेघेसारखी नव्हती. १८१७ ते १८२१ दरम्यान ब्रह्मी फौजा तीनदा आसामात उतरल्या, इंग्रजांशी युद्ध झालं आणि १८२६ च्या यांदाबो तहाने आसाम कंपनीच्या पदरात पडला. मणिपूर आणि ब्रह्मदेश यांच्यामधलं काबो खोरं कुणाचं, हा वाद राहिला. १८३४ मध्ये इंग्रजांनी ते ब्रह्मदेशाला देऊन टाकलं, मणिपूरच्या राजाला महिना पाचशे सिक्का रुपये भरपाई बांधून दिली आणि कॅप्टन पेंबर्टनच्या नावाने ओळखली जाणारी रेषा डोंगराच्या पूर्व पायथ्याने आखली. पश्चिम पायथ्याला दुसरी रेषा आली १८७३ मध्ये: इनर लाइन. चहाच्या मळेवाल्यांनी डोंगरात घुसून भानगडी करू नयेत म्हणून काढलेली ही रेघ आजही जिवंत आहे. तिचा एक चमत्कारिक परिणाम अलीकडेपर्यंत टिकला. पुण्याच्या पर्यटकाला नागालँडमध्ये जायला परवाना काढावा लागे, आणि सीमेपलीकडच्या गावातला म्यानमारचा नागरिक ठरावीक अंतरापर्यंत व्हिसाशिवाय येऊ शके. यात विसंगती दिसते ती दिल्लीहून पाहिल्यावर. धारेवरून पाहिलं तर पाहुणा कोण आणि शेजारी कोण, हे अगदी बरोबर ठरवलेलं होतं.

१९३७ मध्ये ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानापासून वेगळा झाला आणि एका साम्राज्यातली प्रशासकीय रेघ सरहद्द बनली. नागा टेकड्यांच्या पूर्वेकडच्या मोठ्या भागात तेव्हा कोणत्याच सरकारचा अंमल नव्हता. १९३६ मध्ये ब्रिटिश अधिकारी जे. पी. मिल्स पांगशा गावावर मोहीम घेऊन गेला तो अशाच ‘कारभाराबाहेरच्या’ मुलखात. पुढे स्वतंत्र भारत आणि ब्रह्मदेश यांनी १० मार्च १९६७ रोजी रंगूनमध्ये सीमा-करार केला, उत्तरेचं चीनलगतचं टोक तात्पुरतं ठेवलं, आणि सीमेचे खांब रोवायला माणसं डोंगरात चढली.

त्या खांबांपैकी एक मोन जिल्ह्यातल्या लोंगवा गावात आहे. लोंगवाची गोष्ट आता पर्यटनाच्या जाहिरातीत गेली आहे: कोन्याकांच्या अंघाचं, म्हणजे गावप्रमुखाचं, घर दोन देशांत, जेवायचं इकडे आणि झोपायचं तिकडे, वगैरे. लोक हसतात, फोटो काढतात आणि निघतात. त्या कौतुकात मुद्दा हरवतो. सीमा त्या घरातून गेली हा योगायोग नाही. अंघाचं घर गावाच्या मोक्यावर असणार, गाव धारेवर असणार आणि रेषा धारेवरून आखायची असं ठरलेलं, तर ती आणखी जाणार कुठून? आखणाऱ्यांनी चूक केली नाही. नियम बिनचूक पाळला, म्हणूनच असं झालं. हीच रेषा पाचशे मीटर खाली ओढ्यातून नेली असती तर ती दोन गावांच्या मधून गेली असती, एका गावाच्या मधून नव्हे. अंघाची सत्ता मुळात गावांच्या जाळ्यावर चालते आणि ते जाळं दोन्ही उतारांवर आहे. पूर्वेच्या उतारावरचं झुमाचं शेत म्यानमारात, पिकलेलं धान्य भारतात. पूर्वेचा झरा जवळ असेल तर पाणीसुद्धा परदेशातलं. शेजारच्या नोकलाक जिल्ह्यातल्या खियामनिउंगन या नावाचा अर्थ मोठ्या पाण्याचा उगम असा सांगतात. उगमापाशी राहणाऱ्या माणसाला पाणी दोन बाजूंना जातं हे माहीत असतंच, त्यासाठी त्याने दोन बाजूंना जावं असं त्याला वाटत नाही.

मणिपुरात चित्र वेगळं. पेंबर्टनची रेषा पायथ्याने गेलेली असल्यामुळे मोरेह हे सीमेवरचं गाव डोंगर संपून काबोचं सपाट खोरं सुरू होतं तिथे बसलं आहे, आणि पलीकडचं तामू चार-पाच किलोमीटरवर. इथे सीमा बाजाराची आहे. मोरेहमध्ये कुकी, मैतेई, नागा यांच्याबरोबर तमिळ वस्तीही आहे. ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीयांपैकी काही जण या दारातच थांबले. पायथ्याच्या सीमेने घर दुभंगत नाही, पण ती नेमकी कुठे आहे हे कळत नाही. डोंगर कुठे संपतो? शेवटचा चढ कुठला? धार बोट ठेवून दाखवता येते, पायथा दाखवता येत नाही. म्हणूनच मणिपूरच्या बाजूला सीमाखांब कुठे असायला हवा होता आणि कुठे आहे, यावरून अधूनमधून वाद पेटतो. शिवाय डोंगर आणि खोरं यांच्यातलं जुनं अंतर इथे सीमेच्या आत आहे. इंफाळचं खोरं मणिपूरच्या जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि निम्म्याहून अधिक लोक, मुख्यतः मैतेई, त्यात राहतात. भोवतालच्या डोंगरांत नागा आणि कुकी. त्या खोऱ्यातल्या माणसाला पूर्वेचा उघडा डोंगर पाहून जे वाटतं, ते लोंगवाच्या माणसाला वाटण्याचं कारण नाही.

मिझोराममध्ये सीमेचा बराच भाग तिआउ नदीच्या पात्रातून जातो. इकडे झोखावथर, तिकडे रिखावदर, मध्ये पूल. इथे रेषा मला वाटतं सर्वांत शहाणपणाने पडली, निदान डोंगराच्या दृष्टीने: गावं दोन्हीकडच्या धारांवर, सीमा खालच्या पाण्यात. कुणाची ओसरी कापली गेली नाही. नाती मात्र कापली गेली, कारण पलीकडचे चिन आणि इकडचे मिझो एकाच गोतातले. मिझो परंपरेत मेलेल्या माणसाचा आत्मा परलोकी जाताना ज्या तळ्यावरून जातो ते री दिल आज म्यानमारात आहे. मिझोराममधलं सर्वांत मोठं तळं ब्रह्मदेशात आहे, असं तिथले लोक चेष्टेने म्हणतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता बळकावल्यावर तीस हजारांहून अधिक चिन माणसं ही नदी ओलांडून आली. केंद्राचा कल परत पाठवण्याकडे होता, तरी मिझोरामने त्यांना ठेवून घेतलं. गावांनी आणि चर्चनी त्यांच्या जेवणाखाण्याची सोय पाहिली. नदीवरच्या सीमेचा हा गुण इथे दिसला. ओलांडणारा कुठून येतो आणि किती येतात, हे पुलावर कळतं. माथ्यावरच्या गावात तसं कळायला काही मार्गच नसतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप लष्करी अंगाने येईल. माथा हातात असेल तर दोन्ही बाजू दिसतात, म्हणून सरहद्द धारेवरच हवी. हिमालयात हे खरं आहे. पण समांतर धारांच्या या डोंगरात एक माथा धरला की दिसतो तो पुढचा माथा, त्यामागचं काही नाही. इतिहासही भिंतीची कल्पना टिकू देत नाही. सुकाफा आला, ब्रह्मी फौजा आल्या, आणि मार्च १९४४ मध्ये जपानच्या तीन डिव्हिजन चिंदविन उतरून या सगळ्या धारा एकामागून एक ओलांडत कोहिमा-इंफाळपर्यंत पोचल्या. उखरूलजवळच्या सांगशाक या तांगखुल गावी त्यांना काही दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. त्या दिवसांनी कोहिमाला तयारीची उसंत मिळाली असं युद्धाचे अभ्यासक मानतात. नीट पाहिलं तर तिथेही डोंगराने जपान्यांना अडवलं नाही, माणसांनी अडवलं. आणि पुढे त्यांची दाणादाण उडाली ती रसद तुटल्यामुळे आणि पावसाळ्यामुळे. शंभर मैल मागे असलेला तांदूळ आणि समोरचा चिखल, यांनी जे केलं ते धारेने केलं नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सीमा सैल असल्यामुळे हेरॉइन, नशेच्या गोळ्या आणि शस्त्रं येतात, बंडखोर गट पलीकडे तळ ठोकतात, आणि आता तर म्यानमारच्या या भागात सरकार म्हणावं असं फारसं उरलेलं नाही. १९५० मध्ये भारताने सीमेलगत ४० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या डोंगरी लोकांना पासपोर्टातून सूट दिली होती. नागा-मिझो बंडखोरीच्या काळात, १९६८ मध्ये, परवाने आले. २००४ मध्ये पट्टा १६ किलोमीटरवर आला. २०१८ मध्ये दोन्ही देशांनी त्यावर करार केला, आणि मे २०२३ मध्ये मैतेई-कुकी संघर्षात मणिपूर पेटल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये गृहमंत्र्यांनी ही मुक्त ये-जा बंद करून सगळ्या सीमेला कुंपण घालण्याचं जाहीर केलं. मैतेई समाजाच्या भीतीला या भूगोलात आधार आहे. छोट्या खोऱ्यात दाटीने राहणाऱ्यांना भोवतालच्या डोंगराची दारं आपल्या हातात नाहीत असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण या तक्रारीतला माल जातो कुठून? मोठ्या जप्त्यांच्या बातम्यांत मोरेह आणि मिझोराममधलं चंपाई ही नावं पुन्हापुन्हा येतात, म्हणजे जिथे रस्ता आहे, गाडी आहे आणि चौकीसुद्धा आहे, तिथून. पोत्याने माल न्यायचा तर रस्ताच लागतो. तिथे करडी नजर हवी, हे बिनतोड. लोंगवाच्या माथ्यावर ते औषध देणं म्हणजे रोग एकाला आणि पथ्य दुसऱ्याला.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूचा. डोंगर हे एक जग आहे असं म्हटलं की बृहन्नागालिम (सगळ्या नागा मुलखाचं एकीकरण) किंवा मिझो-चिन-कुकींचं झो एकीकरण यांसारख्या मागण्यांना आपोआप पुरावा मिळत नाही का? मला तसं वाटत नाही. एक तर नागा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक जमातींच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. एका धारेवरचं गाव समोरच्या धारेवरच्या गावाशी पिढ्यानपिढ्या लढत असे. तिथलं खरं राज्य म्हणजे गाव, आणि गावाला शीव कळते, कडकपणे कळते. जेम्स स्कॉट या अमेरिकी अभ्यासकाने २००९ मधल्या पुस्तकात आग्नेय आशियाच्या डोंगराळ पट्ट्याला, विलेम फान स्खेंडलने सुचवलेलं झोमिया हे नाव घेऊन, राज्यसंस्थेपासून पळालेल्यांचा मुलूख म्हटलं. मांडणी मोठी आकर्षक आहे, पण अहोमांची खतं आणि नामसांगचं मीठ तिच्यात नीट बसत नाही. इथला डोंगर मैदानापासून पळत नव्हता. अधूनमधून भांडत, अधूनमधून विकत घेत, सौदा करत होता. म्हणून माझ्या मते भूगोल इथे राष्ट्र मागत नाही. रेषेला गावाच्या मधून न जाता गावाच्या शिवेवरून जायला सांगतो, आणि ते जमत नसेल तर तिच्यावरचे नियम गावाच्या बेताने करायला सांगतो.

हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण पैसा ओतायची वेळ आली की किरकोळ राहत नाही. १,६४३ किलोमीटर कुंपण आणि सोबतचा रस्ता यांसाठी सुमारे ३१,००० कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. मोरेहच्या सपाटीवर कुंपण उभं राहू शकतं. तिथला काही तुकडा झालाही आहे. तिआउच्या काठी ते नदीत घालता येणार नाही, म्हणून आतल्या बाजूला सरकेल आणि काठावरच्या शेताला पाण्यापासून तोडेल. बांगलादेश सीमेवर कुंपण शून्य रेषेपासून दीडशे यार्ड आत घेतल्यामुळे कुंपणापलीकडे अडकलेली भारतीय शेतं आणि घरं आपण पाहिलेली आहेतच. आणि माथ्यावर? तिथे दोनच पर्याय. गावातून न्यायचं, किंवा गाव वगळून उतारावर उतरवायचं. उतारावर डिसांगचा शेल आहे. कुंपणासाठी आणि रस्त्यासाठी पाय कापला की वरचा डोंगर खाली येतो, मग दर आश्विनात नवं कुंपण. नागालँड आणि मिझोराम या दोन्ही विधानसभांनी २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या निर्णयाविरुद्ध ठराव केले, आणि मणिपूर सरकारने याच निर्णयाची मागणी केली होती. वृत्तपत्रांनी त्याला राजकारण म्हटलं. राजकारण होतंच, पण कोणत्या राज्याला सीमा माथ्यावर, पात्रात किंवा पायथ्याशी भेटते, हा तक्ता शेजारी मांडला तर त्या भूमिका इतक्या अनपेक्षित राहत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने पूर्ण बंदीऐवजी मधली वाट काढली. पट्टा आता १० किलोमीटर, ओलांडायच्या जागा ठरलेल्या, आणि आसाम रायफल्सकडून मिळणारा पास. एक पाऊल मागे आलं हे चांगलंच. पण १० किलोमीटर मोजायचे कसे? नकाशावरचे १० किलोमीटर म्हणजे या डोंगरात तीन धारा आणि तीन दऱ्या, चालणाऱ्याचा अख्खा दिवस, पावसाळ्यात दोन. मामाचं गाव अकराव्या किलोमीटरवर निघालं तर ते परदेशात आहे. ओलांडायची ठरलेली जागा धारेवर दोन दिवसांच्या वाटेवर असली, तर समोरच्या उतारावरच्या शेतात जायला आधी तिथवर जायचं आणि मग पलीकडून तितकंच उलटं यायचं. शेताचं वेळापत्रक जंगल तोडण्यापासून धान घरी येईपर्यंत जानेवारी ते ऑक्टोबर चालतं. पासाची मुदत सात दिवसांची आहे.